अंगणापुरता आवाज

ओक ट्री रोडवर मेथीच्या जुड्या आणि सागवानी देवघरं विकत मिळतात, त्या एडिसन गावात माझी बहीण राहते. न्यू जर्सीतलं हे गाव. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिच्या बारा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला एक खोका आला होता. आत पुड्याच पुड्या : रेझिस्टन्स, कंडेन्सर, दोन-तीन ट्रान्झिस्टर, एक कॉइल, तळहाताएवढी पीसीबी, नऊ व्होल्टच्या बॅटरीची टोपी. हे सगळं जोडलं की एएम रेडिओचा ट्रान्समीटर तयार होतो, असं खोक्यावर लिहिलेलं. ऐकायची यंत्रं मी जन्मभर उघडली-मिटली होती. बोलायचं यंत्र पहिल्यांदाच हातात येत होतं.

माझं अर्धं तारुण्य पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग शोधण्यात गेलेलं. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मामा-भाचे बसलो तेव्हा मी जरा ऐटीतच होतो. ऐट दोन तासांत उतरली. सगळं जोडून झालं, बॅटरी लावली, आणि शेजारच्या रेडिओत नुसती खरखर. ड्राय सोल्डर असेल म्हणून एकेक टाका पुन्हा गरम केला. ट्रान्झिस्टर उलटा बसला नाही ना, ते तीनदा पाहिलं. शेवटी भाच्यानेच विचारलं, "मामा, ही वायर बाकीच्यांसारखी चमकत का नाही?" कॉइलच्या तांब्याच्या तारेवर व्हार्निशचा थर असतो. टोकाला तो ब्लेडने खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. पहिल्या दिवशी शिकतात ती गोष्ट मी विसरलो होतो.

टोक खरवडलं, टाका मारला, आणि काटा फिरवताना एका जागी रेडिओची खरखर अचानक गप्प झाली. ज्यांनी हे कधी केलंय त्यांना ही शांतता ओळखीची असेल. आवाज अजून आलेला नसतो, पण तेवढी जागा तुमच्या लहरीने व्यापलेली असते. आमची जागा मात्र चुकली होती. आम्ही हजार किलोहर्ट्झवर आणि शेजारी १०१०वर न्यूयॉर्कचं बातम्यांचं स्टेशन, ५० किलोवॉटचं. ते सारखं आमच्या अंगावर येत होतं. मग कॉइलचा गाभा फिरवत फिरवत पट्टीच्या वरच्या टोकाला, सोळाशेच्याही पुढे गेलो, तिथे कुणी नव्हतं. भाचा हातातला रेडिओ घेऊन बाहेर पळाला. मी माइकपाशी बसलो आणि लक्षात आलं, बोलायला काहीच नाही. आयुष्यभर रेडिओ ऐकलेल्या माणसाच्या तोंडून निघालं काय, तर एकोणतीसचा पाढा. पाच मिनिटांनी पोरगा धापा टाकत परत आला. "मामा, मेलबॉक्सपर्यंत येतंय! पुढे नाही. पण हे गाणं कुठलं?"

या यंत्रात होतं तरी काय? गवयामागे तंबोरा चालू असतो तसा एक अखंड सूर यंत्र काढत असतं, सेकंदाला सोळा लाख कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा. ही वाहक लहर. आता कल्पना करा की कुणीतरी तुमच्या बोलण्याबरहुकूम त्या तंबोऱ्याचा आवाज लहानमोठा करतंय. स्वर तोच, फक्त त्याचा जोर तुमच्या शब्दांच्या आकाराने वरखाली होतोय. रेडिओ तो जोर मोजतो आणि पुन्हा शब्द करतो. एएम म्हणजे एवढंच. जोर बदलायची युक्ती तर इतकी साधी आहे की हसू येतं. ट्रान्समीटरला वीज पुरवणाऱ्या तारेत मध्येच एक छोटा ट्रान्सफॉर्मर घालायचा, खिशात मावणाऱ्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत स्पीकरपाशी असायचा त्या जातीचा. माइकचा आवाज वाढवून त्यातून दिला की नऊ व्होल्ट कधी अकरा होतात, कधी सात. वीज वरखाली झाली की सूरही वरखाली.

एडिसनमध्ये हे सगळं राजरोस चाललं होतं, कारण कायद्याने तशी जागा ठेवली आहे. तिथल्या संघीय दळणवळण आयोगाने अल्पशक्तीच्या यंत्रांना विनापरवाना मोकळीक द्यायला १९३८ साली सुरुवात केली. ग्रामोफोनची तबकडी बिनतारी पद्धतीने घरच्याच रेडिओवर ऐकवणारी यंत्रं तेव्हा बाजारात येत होती. आजचा नियम असा : ५१० ते १७०५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्ह) पट्ट्यात, ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला १०० मिलिवॉटपेक्षा जास्त वीज द्यायची नाही, आणि अँटेना, तिच्यापर्यंत जाणारी तार, जमिनीत जाणारी तार, सगळं मिळून ३ मीटरच्या आत. आता १००० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३०० मीटर. तिला नीट फेकायची तर पाव लांबीचा, म्हणजे ७५ मीटर उंचीचा मनोरा हवा. तिथे तीन मीटर तार म्हणजे परातीएवढ्या नगाऱ्यावर काडेपेटीच्या काडीने टिपरी मारण्यासारखं. बरीचशी शक्ती कॉइलमध्ये आणि मातीत जिरते. नागपूरला आकाशवाणीचा १५६६ किलोहर्ट्झवरचा ट्रान्समीटर १००० किलोवॉटचा होता. आमचं किट त्याच्या एक कोटीव्या हिश्शाचं. मेलबॉक्सपर्यंत पोचलं हेच खूप.

या मोकळिकीला दोन अटी आहेत आणि मला त्या फार आवडतात. तुमच्या यंत्राने दुसऱ्या कुणाला व्यत्यय येता कामा नये. आणि दुसऱ्याचा व्यत्यय तुम्हाला झाला, तर तो सोसायचा, तक्रार चालणार नाही. आपल्याकडे रेल्वेच्या जनरल डब्यात दाराशी उभं राहणाऱ्याचा हाच करार असतो. जागेवर हक्क नाही, पण गाडीत चढायला मनाई नाही.

निघताना भाचा म्हणाला, किट तू घेऊन जा, मला दुसरं मिळेल. मी ते तिथेच ठेवलं. आपल्याकडे १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवला होता. चालू करणं तर सोडाच. २०२३च्या दूरसंचार कायद्याने १८८५च्या तार कायद्याची आणि या १९३३च्या कायद्याची जागा घ्यायचं ठरवलं, पण धाक कमी केला नाही. परवानगीवाचून दूरसंचाराचं जाळं उभारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्यासारखा एकोणतीसचा पाढा म्हणणारा कुणी तीन वर्षं आत जाईल असं मला वाटत नाही. पण कायद्याच्या नजरेत पाढेवाला आणि हेरगिरीवाला यांच्यात रेघ कुठे आहे, हे सांगणारी ओळ मध्यम लहरींपुरती आपल्या नियमांत नाही, हे खरं.

ही रेघ का नाही, हे समजून घ्यायला मुंबईत जावं लागतं. आपल्या देशात प्रक्षेपण सरकारने सुरू केलं, असा आपला एक समज आहे. ते हौशी लोकांनी सुरू केलं. १९२३च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम लावायला सुरुवात केली. नंतर त्याच वर्षी कलकत्त्याच्या क्लबने. परवानाधारक कंपनी त्यानंतर चार वर्षांनी आली. २३ जुलै १९२७ला तिच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते झालं, आणि १९३०मध्ये ती कंपनी बुडाल्यावर सरकारने कारभार हातात घेतला. ऑल इंडिया रेडिओ हे नाव तर १९३६चं. म्हणजे क्रम असा : आधी हौस, मग धंदा, शेवटी सरकार. मग शेवटी आलेल्याने दार लावून घेतलं.

आणि दार लावण्यामागे त्यांचं भय अगदीच खोटं नव्हतं, हे मुंबईनेच दाखवून दिलं. महायुद्ध सुरू झालं तसे हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द झाले. तरी १९४२च्या ऑगस्टमध्ये, गवालिया टँकच्या 'चले जाव' सभेनंतर काही आठवड्यांतच, ४२.३४ मीटरवर भूमिगत काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी हे साथीदार, शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींची यंत्रसामग्रीची मदत, राममनोहर लोहियांचा पाठिंबा आणि नरिमन प्रिंटर नावाचा, बिनतारीचा नाद असलेला तंत्रज्ञ. पोलिसांच्या शोधयंत्रांना चकवा द्यायला बिऱ्हाडं बदलत हे लोक मुंबईभर फिरत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ला पकडले गेले. उषा मेहतांना चार वर्षांची सजा झाली, येरवड्याला पाठवलं. चितगावच्या, जमशेदपूरच्या ज्या बातम्या वर्तमानपत्रं छापू धजत नव्हती, त्या या रेडिओने दिल्या होत्या.

४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आज हौशी बिनतारीवाल्यांना म्हणजे 'हॅम' मंडळींना दिलेल्या चाळीस मीटरच्या पट्ट्यात ही जागा येते. परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घेतलेला कुणीही पुणेकर आज तिथे गप्पा मारू शकतो. मला हा योगायोग मोठा बोलका वाटतो. ज्या जागेवरून बोलल्याबद्दल तुरुंग मिळाला, तीच जागा नंतर छंदाला दिली गेली, आणि आभाळ कोसळलं नाही. मात्र स्वातंत्र्यानंतर कायदे बदलले का? १८८५चा आणि १९३३चा, दोन्ही तसेच ठेवले. परक्या सरकारला ज्या आवाजाची धास्ती होती, त्याच आवाजाची धास्ती स्वदेशी सरकारने जशीच्या तशी वारशात घेतली. काँग्रेस रेडिओचा गौरव सगळे करतात. उषा मेहतांना १९९८मध्ये पद्मविभूषण दिलं. पण त्या गौरवाचा सोल्डरिंग आयर्नशी काही संबंध असू शकतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने, क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. निकाल लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सरकारची मक्तेदारी मान्य नाही, पण लहरी मर्यादित आहेत म्हणून त्यांचं नियमन सार्वजनिक संस्थेने करावं, असा त्याचा रोख. त्यातून प्रत्यक्षात काय निघालं? एफएमचे लिलाव निघाले. नंतर, २००२मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी त्यातलीच, आणि तिच्यासारख्यांचं काम मोलाचं आहे. पण व्यक्तीला परवानगी नाहीच. तुम्ही नोंदणीकृत संस्था असला पाहिजे. सार्वजनिक मालमत्ता या शब्दाचा अर्थ आपण गायरानासारखा घेतला नाही, एमआयडीसीच्या भूखंडासारखा घेतला. गायरानावर कुणाला घर बांधता येत नाही, ते बरोबरच आहे. पण पोराने तिथे पतंग उडवला तर तलाठी नोटीस काढत नाही.

आता आक्षेपांकडे येतो. त्यांतला एक खरोखर वजनदार आहे : हाताने केलेली यंत्रं घाण सोडतात. ठरलेल्या जागेच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांवरही त्यांचा थोडा थोडा आवाज निघतो, आणि विमानांशी बोलणं आजही एएमवरच चालतं, ११८ मेगाहर्ट्झच्या पुढे. हे मी हसण्यावारी नेणार नाही. पण हिशेब करावा. एफएमचा पट्टा १०८ला संपतो आणि त्याला लागूनच विमानांचा सुरू होतो. तिथे घरगुती एफएम ट्रान्समीटर जरा सरकला की धोका आहे, म्हणून एफएमच्या खेळण्यांना मी मोकळीक मागत नाही. मध्यम लहरी तिथून फार खाली आहेत. सोळाशे किलोहर्ट्झच्या यंत्राला विमानापर्यंत जायला सत्तरपट वर उडी मारावी लागते, तीही शंभर मिलिवॉटच्या जोरावर आणि तीन मीटर तारेतून. एक कॉइल आणि दोन कंडेन्सर यांचा फिल्टर लावायची सक्ती केली की उरलंसुरलंही अडतं.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. मेलबॉक्सपर्यंत जाणाऱ्या आवाजाने कुणी दंगल पेटवेल, ही कल्पना ज्या काळात मोबाइलवर क्षणात हजार लोकांना अफवा पाठवता येते, त्या काळात मांडणं मला अवघड वाटतं. शिवाय सरकारला मोकळीक द्यायचं वावडं नाही. हवी तिथे ती दिलेली आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५मध्ये मोकळा झाला म्हणून आज घरोघर वायफाय आहे, आणि वायफायची पेटी हा ट्रान्समीटरच असतो, साधारण आमच्या किटइतक्याच शक्तीचा. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास तर ५ वॉटपर्यंत मोकळीक आहे, म्हणजे मी मागतोय त्याच्या पन्नासपट. मग मध्यम लहरींचं काय? तिथे उद्योग नाही, म्हणून मागणारा नाही, म्हणून मोकळीक नाही. याहून खोल कारण मला सापडलेलं नाही.

गंमत अशी की, त्या पट्ट्यात आज सगळ्यात जास्त प्रक्षेपण कोण करतं, तर आपले एलईडीचे दिवे. पुण्यात रात्री नऊ वाजता जुना रेडिओ लावून ७९२च्या आसपास काटा नेऊन पाहा. आकाशवाणीवर किती भुणभुण बसलेली असते! स्वस्त बल्बांमधली, चार्जरांमधली, टीव्हीच्या पेट्यांमधली वीज कापणारी मंडलं ही घाण चोवीस तास सोडत असतात. माझ्या जिन्यातला एक दिवा लागला की आमच्या मजल्यावरून मध्यम लहरी नाहीशा होतात. त्या दिव्याला परवाना कुणी मागितला नाही. म्हणजे अर्थहीन खरखर करायला मुभा आहे, अर्थ असलेला आवाज काढायला नाही.

हॅमचा परवाना काढा की, असं मित्र म्हणतात. काढावा. बारा वर्षांच्या मुलालाही ती परीक्षा देता येते, आणि ती मंडळी पुरात, भूकंपात उपयोगी पडतात हे वेगळं सांगायला नको. पण त्या परवान्यावर गाणं लावता येत नाही, सर्वांसाठी कार्यक्रम करता येत नाही, आणि मध्यम लहरींवर तर जाताच येत नाही. तिथे परवानाधारकाने परवानाधारकाशी बोलायचं असतं. घरातल्या आजीला तिच्या पलंगाशेजारच्या रेडिओवर नातवाचा आवाज ऐकवायचा तर तो परवाना कुचकामी आहे. पोराने तीनचाकी सायकल चालवण्याआधी एसटीचा बिल्ला काढावा, असा हा हिशेब झाला.

उरला सगळ्यांत सोपा प्रश्न, जो बहिणीने भांडी आवरता आवरता विचारला : "पण हवंय कशाला? फोनवरून अख्ख्या जगाशी बोलता येतं." मी तेव्हा गप्प बसलो, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर सुचलं ते असं. फोनवरून बोलताना आवाज कुठून कुठे जातो, कोण तो पुढे ढकलतं, कोण अडवतं, कोण मोजतं, हे आपल्याला दिसत नाही. किटमध्ये सगळं दिसतं. हा सूर काढणारा ट्रान्झिस्टर, हा जोर बदलणारा ट्रान्सफॉर्मर, ही तार, आणि हे कुंपण जिथे आवाज संपतो. त्या बारा वर्षांच्या मुलाला आता ठाऊक आहे की, पेटीतून येणारा आवाज कुणीतरी कुठूनतरी बसून सोडलेला असतो, आणि त्याला तारेची लांबी असते. पुढे त्याने कुठलाही अँकर ऐकला, तरी तार कुणाची आणि वीज कुणाची हे विचारायची सवय त्याला लागली, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आणि आवाज कुंपणाशी संपतो, हा मला दोष वाटत नाही. ज्याच्यापर्यंत पोचतो तो उठून येऊन सांगू शकतो की बाबा, बंद कर, बाळ झोपलंय. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचं तोंड माहीत असणं ही चैन आता आपल्या कुठल्याच माध्यमात उरलेली नाही. आमच्या लहानपणी रेडिओ ऐकण्यासाठीसुद्धा पोस्टात जाऊन परवान्याच्या पुस्तकात तिकिटं लावून घ्यावी लागत. तो परवाना ऐंशीच्या दशकात गेला. कुणी हळहळलं नाही. ऐकण्याचा परवाना हास्यास्पद होता हे आपल्याला कळायला अर्धं शतक लागलं. अंगणापुरतं बोलण्याचा अजून जायचा आहे.

मध्यम लहरींना आता ऐकणारे कमी, हे मान्य. नागपूरच्या त्या १५६६वरून देशभर रात्रभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनीही बंद झाली, नव्या फोनमध्ये एएम नसतंच. पण पट्टा ओस पडत चालला असेल तर पोरांना खेळायला तो देण्याची हीच वेळ आहे. माळ्यावर धूळ खात पडलेला मर्फी किंवा बुश खाली काढायला एक निमित्तही होईल.

मागणी मोठी नाही. मध्यम लहरींचा पट्टा, १०० मिलिवॉट, ३ मीटर तार, एक फिल्टर, आणि अमेरिकेतल्या त्याच दोन अटी : कुणाला त्रास द्यायचा नाही, झाला तर तक्रार करायची नाही. एवढ्याला परवाना लागणार नाही, असं राजपत्रात एका परिच्छेदात छापता येतं. ज्यांना पटतं त्यांनी दूरसंचार खात्याला तसं पत्र लिहावं. मी लिहिलंय. भाच्याने किट अजून जपून ठेवलंय.